हाताने ढकललेला उपग्रह आणि माझी वाकलेली दांडी

दर वर्षी ॲडमिशन आटोपल्या की आमच्या जुन्या कॉलेजातून मेसेज येतात. "दादा, सॅटेलाइट टीममध्ये शिरायचंय, सुरुवात कुठून करू?" पोरांना एखाद्या कोर्सची लिंक हवी असते. मी एका उपग्रहाचं नाव पाठवतो, टीएनएस-0, आणि सांगतो की महिनाभर याच्याशी झटापट करून या, मग बोलू.

हा रशियन नॅनोउपग्रह जेमतेम पाच किलोचा. मॉस्कोच्या ज्या संस्थेने तो बनवला ती आज 'रशियन स्पेस सिस्टिम्स' म्हणून ओळखली जाते. नावातला टी टेक्नॉलॉजीचा. नवं सामान अवकाशात चालतं का हे पाहणं, एवढंच त्याचं काम. मालवाहू यानातून तो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेला आणि 28 मार्च 2005 रोजी सलिझान शारिपोव या अंतराळवीराने स्पेसवॉक करताना तो चक्क हाताने ढकलून दिला.

हाच का? कारण यात काय बसवलंय यापेक्षा काय गाळलंय हे पाहण्यासारखं आहे. नवखी टीम नेमकी उलट वागते. आमच्या पहिल्या आराखड्यात दोन कॅमेरे होते, शिवाय दिशा बदलायला फिरती चाकं. विजेचा हिशेब कोणीच केला नव्हता.

आधी त्या ढकलण्याचाच हिशेब करा, वहीवर. उपग्रह मागे, म्हणजे स्थानकाच्या चालीच्या उलट दिशेला सोडतात. समजा सेकंदाला 1 मीटर वेगाने सोडला. स्थानकाचा वेग सेकंदाला साधारण 7.7 किलोमीटर, त्यापुढे हे काहीच नाही. तरी अर्ध्या फेरीनंतर तो सुमारे साडेतीन किलोमीटर खाली पोचतो. खालची कक्षा लहान, फेरी लवकर पूर्ण होते, म्हणून मागे टाकलेला उपग्रह थोड्याच वेळात स्थानकाच्या पुढे निघून जातो! हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी मेसमध्ये ताट तसंच ठेवून रूमवर पळालो होतो. हे गणित स्वतःच्या हाताने सुटलं की कक्षा म्हणजे काय ते डोक्यात बसतं. सिम्युलेशन त्यानंतर.

दुसरी गोष्ट संपर्काची. छोट्या टीमचा निम्मा जीव ग्राउंड स्टेशनमध्ये जातो: गच्चीवर अँटेना, ती फिरवणारी मोटर, आणि उपग्रह डोक्यावरून जाताना मिळणारी मोजकी मिनिटं. टीएनएस-0 मध्ये ग्लोबलस्टार या सॅटेलाइट फोन जाळ्याचा मोडेम होता. ते उपग्रह सुमारे 1,414 किलोमीटरवर फिरतात, हा त्यांच्या बराच खाली. म्हणजे हा वर तोंड करून बोलायचा आणि निरोप त्या जाळ्यातून जमिनीवर यायचा. आता स्वतःला विचारा: जमिनीवर जवळपास स्थिर असलेल्या फोनसाठी बनवलेली यंत्रणा इतक्या वेगाने पळणाऱ्या वस्तूला कशी ओळखेल? डॉप्लरमुळे, म्हणजे वेगाने जवळ-लांब जाण्यामुळे, फ्रिक्वेन्सी किती सरकेल? भर समुद्रावर त्या जाळ्याचं जमिनीवरचं केंद्रच टप्प्यात नसेल तर? मुलाखतीत मला यातलाच एक प्रश्न आला होता.

तिसरी गोष्ट माझ्या खास जिव्हाळ्याची. या उपग्रहाला दिशा धरायला मोटर नव्हती. आत एक कायमचं चुंबक, ते होकायंत्रासारखं पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून राहतं. पण नुसतं चुंबक डुलतच राहील. म्हणून त्याला काटकोनात मऊ चुंबकीय (म्हणजे चुंबकत्व सहज घेणाऱ्या-सोडणाऱ्या) मिश्रधातूच्या बारीक दांड्या. उपग्रह हलला की दांड्यांचं चुंबकत्व उलटसुलट होतं, त्यात ऊर्जेची उष्णता होते आणि डुलणं हळूहळू विरतं. वीज शून्य. हे गणित मॉस्कोच्या केल्डिश या उपयोजित गणिताच्या संस्थेतल्या लोकांनी केलं. त्यांचे प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीचे शोधनिबंध, फुकट वाचायला मिळतात, बरेचसे रशियनमध्ये. 33 अक्षरं शिकायला मला एक आठवडा लागला, समीकरणं तर आधीच ओळखीची होती.

वाचून झालं, आता करू म्हणून मी पर्मालॉयची, म्हणजे अशाच एका मिश्रधातूची, दांडी मिळवली. जरा लांब होती. वर्कशॉपमधून हॅकसॉ आणली, व्हाइसमध्ये आवळली, कापली, वाकली तशी हातोडीने सरळ केली, कानस मारली. टेबलावर दिसायला झकास. चुंबकत्वाचं मोजमाप केलं तर आलेख शोधनिबंधातल्या आलेखाच्या जवळपासही नाही. तीन आठवडे मी कॉइल गुंडाळून सोडवत होतो, सर्किटला शिव्या घालत होतो. शेवटी आमच्या लॅबमधल्या काकांनी दांडी हातात घेतली आणि विचारलं, "अरे, हिला ठोकलंस काय?" असल्या धातूला ठोकलं, वाकवलं की त्याचे चुंबकीय गुण बिघडतात. पुन्हा भट्टीत नीट तापवून, सावकाश थंड केल्याशिवाय ते परत येत नाहीत. हे पुस्तकात होतं. मी ते पान वाचलंही होतं.

आपल्याकडे हेच तंत्र पाहायचं असेल तर पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' उपग्रह बघा. जेमतेम एक किलोचा, 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 वरून गेला आणि त्यातही चुंबक आणि दांड्याच.

टीएनएस-0 चा दुसरा नमुना 17 ऑगस्ट 2017 रोजी फ्योदर युर्चिखिन आणि सेर्गेई रियाझान्स्की या रशियन अंतराळवीरांच्या स्पेसवॉकमध्ये, पुन्हा हातानेच सोडला. त्या दिवशी एकूण पाच छोटे उपग्रह सोडले, त्यातल्या रशियातल्या तोम्स्क शहराच्या एकाचा सांगाडा थ्रीडी प्रिंट केलेला होता. बारा वर्षांनी तीच कल्पना पुन्हा का वापरली, नव्यात काय बदललं, हे दोन पानांत लिहून काढा.

सोल्डरिंग आणि सी भाषा टीममध्ये आल्यावर सीनियर शिकवतीलच, त्याची आत्ता चिंता नको. आणि पगाराचं विचारता म्हणून सांगतो: मी आज टेस्टिंगमध्ये आहे, दिवसाचा बराच वेळ कनेक्टर तपासण्यात आणि फॉर्म भरण्यात जातो. कॅमेऱ्याचे फोटो दुसरेच कोणी बघतात. हे चालणार असेल तर दोन पानं लिहून पाठवा. हॅकसॉला हात लावण्याआधी मात्र फोन करा.