स्टेनलेस ट्यूबची फ्लेअर गळते? या चुका टाळा

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) मशिनमध्ये फ्लेअर, म्हणजे फिटिंगवर बसण्यासाठी कर्ण्यासारखं पसरवलेलं ट्यूबचं टोक, गळायला लागली की सगळ्यांचा हात आधी पान्याकडे जातो. थेंब दिसला की पाव फेरा. गळती थांबल्यासारखी वाटते, पण तेल तापलं की थेंब परत येतो. मग आणखी पाव फेरा, आणि शेवटी पान्याला पाइप लावून जोर. नट सोडून बघावं तर फ्लेअर दबून कागदासारखी पातळ झालेली असते, फिटिंगच्या नाकावर (फ्लेअर जिथे टेकते त्या निमुळत्या टोकावर) गोल चर पडलेला असतो, आणि गळतीचं मूळ कारण असलेली बारीक आडवी रेघ, म्हणजे चीर, मात्र तशीच असते. आता ट्यूबबरोबर फिटिंगही बदलावं लागतं.

ती रेघ बहुतेक वेळा ट्यूब कापतानाच ठरलेली असते. स्टेनलेस घासलं, दाबलं की कडक होत जातं. तांब्यावर वापरून बोथट झालेलं कटरचं चाक कापण्याऐवजी रगडतं आणि कड कडक करून ठेवतं. मग फ्लेअरिंगच्या हत्याराचा शंकू आत शिरून कड पसरायला लागली की नेमकी तिथेच चीर जाते. म्हणून स्टेनलेससाठी चाक वेगळं ठेवा आणि दर फेरीला स्क्रू अगदी थोडाच आवळा. लवकर उरकायचं म्हणून दोनच फेऱ्यांत कापलेली ट्यूब फ्लेअर करण्याच्या लायकीची राहत नाही. इंचाला 32 दात असलेलं हॅक्सॉचं पातं आणि कानस हे त्याहून भरवशाचं. कड काटकोनात आहे की नाही ते गुण्या लावून बघा. आतली बर (कापताना राहिलेली खरबरीत कड) काढा, पण कड तासून धारदार करू नका. पातळ कड लगेच फाटते. शेवटी कापडाचा बोळा ट्यूबमधून ओढून घ्या. किसाचा एक कण शंकूखाली आला तरी बसायच्या जागेवर ओरखडा पडतो.

ट्यूब सीमलेस (बिनजोड) आणि पूर्ण अनील केलेलीच (तापवून मऊ केलेली) घ्या. वेल्डेड ट्यूब शिवणीवर फाटू शकते.

दुसरी मोठी चूक कोनाची. एसीवाल्यांकडचा फ्लेअरिंग सेट 45 अंशांचा आणि मऊ तांब्यासाठी बनवलेला असतो. हायड्रॉलिकमधलं जेआयसी (JIC) या प्रमाणाचं फिटिंग 37 अंशांचं. गोंधळ होतो तो आट्यांमुळे: पाव इंची ट्यूबचा नट दोन्ही पद्धतींत 7/16-20 (7/16 इंच व्यास, इंचाला 20 आटे) आणि अर्ध्या इंचीचा 3/4-16, त्यामुळे नट सुरळीत चढतो आणि काम जमलं असं वाटतं. प्रत्यक्षात 45 अंशांची फ्लेअर 37 अंशांच्या नाकावर फक्त गळ्यापाशी, एका बारीक रेषेत टेकते. सुरुवातीच्या टेस्टला ती धरेलही, पण मशिनची थरथर सुरू झाली की सुटते. दुहेरी घडीची (कड आत दुमडून केलेली) फ्लेअरही इथे नको; कडक झालेला धातू दुमडताना तडकतो.

नट आणि स्लीव्ह (फ्लेअरला मागून आधार देणारी कडी) फ्लेअर करण्याआधीच ट्यूबवर चढवा. हे सांगावं लागू नये, पण लागतं. वाकही आधीच द्या आणि टोकाशी पुरेसा सरळ भाग ठेवा. शंकूला तेल लावा आणि घाईने दाबू नका. फ्लेअर झाली की स्लीव्ह वर सरकवून बघा: फ्लेअरची कड स्लीव्हच्या उतरत्या तोंडावर टेकलेली हवी, पण स्लीव्हच्या बाहेर डोकावता कामा नये. डोकावली तर नटात घासते, आखूड राहिली तर पकड अपुरी पडते.

टेफलॉन टेप नको. इथे आटे सील करत नाहीत, नाकाचा उतार करतो. टेपचा तुकडा आत गेला की व्हॉल्व्हमध्ये अडकतो. स्टेनलेसचे आटे एकमेकांत जाम होऊ नयेत म्हणून त्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावा, नाकाच्या उतारावर नको.

कसताना दोन पाने घ्या: एक फिटिंगची बॉडी धरायला, दुसरा नट फिरवायला. नट हाताने पूर्ण चढवा, मग पान्याला पहिला विरोध जाणवेपर्यंत आणा. नट आणि बॉडी या दोन्हींवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. तिथून उत्पादकाच्या तक्त्यात त्या मापासाठी दिलेल्या फ्लॅट्सइतकाच नट फिरवा. एक फ्लॅट म्हणजे षटकोनी नटाची एक बाजू, म्हणजेच 60 अंश. ती रेघ पुसू नका. पुढे कोणी नट आणखी पिळला तर लगेच कळतं.

टेस्टच्या वेळी गळती हाताने चाचपू नका. जास्त दाबाचं तेल कातडीतून थेट आत घुसतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. आणि दाब पूर्ण उतरवल्याशिवाय नटाला पाना लावू नका.