ज्युरी निवडताना प्रश्न कसे विचारावेत

मुंबईहून अमेरिकेत कायदा शिकायला जाणारे आणि इथेच अमेरिकी पद्धतीच्या अभिरूप खटल्यांची तयारी करणारे विद्यार्थी आपला बहुतेक वेळ उलटतपासणीच्या सरावाला देतात. आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाची, म्हणजे ज्युरीची, निवड मात्र मागे पडते. ही चूक महागात पडते. १९५९ मध्ये आपल्या मुंबईत खुनाच्या खटल्यात नौदल अधिकारी नानावटींना ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवले, तेव्हा सत्र न्यायाधीशांना तो कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवता आले. अमेरिकेत ज्युरीने आरोपीला निर्दोष ठरवले की सरकारला त्यावर अपील करता येत नाही. म्हणून त्या खुर्च्यांवर कोण बसणार, याला इतके महत्त्व आहे.

"तुम्ही निष्पक्ष राहाल ना?" असे कधीही विचारू नये, कारण त्याला सगळेच होकार देतात. दादरला एका मित्राच्या घरी चोरीच्या खटल्याचा सराव करताना आम्ही शेजारच्या काकूंना ज्युरर (ज्युरीतील सदस्य) म्हणून बसवले होते. या प्रश्नावर त्यांनी लगेच मान डोलावली. मग "तुमची स्वतःची कधी चोरी झाली आहे का?" असे विचारताच त्यांचा हात गळ्याकडे गेला आणि त्या म्हणाल्या, "लोकलमध्ये मंगळसूत्र खेचलं होतं माझं. असल्या माणसाचं मी काही ऐकून घेणार नाही." अशा वेळी समजूत घालू नये. न्यायाधीशांनी सूचना दिल्यावरही हे मत बाजूला ठेवणे जड जाईल का, एवढेच शांतपणे विचारावे. सकारण हरकत, म्हणजे कारण देऊन एखाद्या ज्युररला वगळण्याची मागणी, त्याच उत्तरावर उभी राहते.

सकारण हरकतींना संख्येची मर्यादा नसते. कारण न देता घ्यायच्या हरकती मात्र मोजक्याच मिळतात: फेडरल (केंद्रीय) न्यायालयात मृत्युदंड मागितलेला नसलेल्या गंभीर गुन्ह्यात सरकार पक्षाला ६ आणि बचाव पक्षाला १०. त्या वंश पाहून वापरता येत नाहीत, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या बॅटसन निकालापासून ठरलेले आहे. १९९४ पासून स्त्री-पुरुष भेदालाही तोच नियम लागू झाला.

हा भेद पकडायचा कसा? मोजून. मिसिसिपीतील कर्टिस फ्लॉवर्स यांच्या सहाव्या खटल्यात सरकारी वकिलाने वगळलेल्या ५ कृष्णवर्णीयांना मिळून १४५ प्रश्न विचारले होते, तर निवडलेल्या ११ गोऱ्या ज्युररना मिळून फक्त १२. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, त्यामागे ही मोजणीही होती. म्हणून एका मोठ्या कागदावर खुर्च्यांचा तक्ता आखावा आणि प्रत्येक चौकटीत उत्तर, प्रश्नांची संख्या व कोणी वगळले हे सहकाऱ्याला लिहायला सांगावे. प्रश्न विचारणाऱ्याने स्वतः लिहू नये, त्याची नजर ज्युररच्या चेहऱ्यावर हवी.

भेदभावाची शंका आल्यास ज्युरीचा शपथविधी होण्यापूर्वीच आक्षेप घ्यावा. न्यायाधीश समोरच्या वकिलाकडे वंशाशी संबंध नसलेले कारण मागतील आणि ते खरे की सबब, हे ठरवतील. त्या क्षणी तक्ता हातात धरून सांगता आले पाहिजे, की हेच उत्तर चौथ्या खुर्चीवरच्या गोऱ्या ज्युररनेही दिले होते आणि त्यांना मात्र ठेवून घेतले आहे.