लघुग्रहांचं ध्रुवण मोजताय? या चुका टाळा

लघुग्रहावरून येणारा सूर्यप्रकाश किती ध्रुवित झाला आहे, म्हणजे त्याच्या लहरी किती प्रमाणात एकाच दिशेत कंप पावतात, यावरून तो काळपट की उजळ, हे कळतं. पण हा सगळा व्यवहार टक्क्याच्या अंशांचा. वेस्टा या लघुग्रहाचं ऋण ध्रुवण (ऋण म्हणजे काय, ते खाली) फार तर ०.६ टक्क्याच्या आसपास, सेरेसचं १.७ च्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुर्बिणीचं ध्रुवण लघुग्रहाच्या नावावर टाकणं. न्यूटोनियन दुर्बिणीतला ४५ अंशातला छोटा आरसा एकटाच दोन-तीन टक्के ध्रुवण देतो. मेहकरकडच्या एका खेड्यात स्लॅबवर दुर्बीण लावलेला पोरगा धावत आला, "सर, वेस्टा तं काळा निघाला! अडीच टक्के ध्रुवण हाये!" ध्रुवण जास्त तो पृष्ठभाग काळा, हा उमोवचा नियम त्याला पाठ होता. पण वेस्टा तर उजळ लघुग्रहांपैकी एक. म्हटलं, "बाबू, नळी प्रश्वेकडे वळव." प्रश्वा हा तारा जेमतेम साडेअकरा प्रकाशवर्षांवर, वाटेत धूळ नगण्य, म्हणून तिचा प्रकाश जवळजवळ अध्रुवित. तिथंही अडीचच टक्के! मग रिंगा सैल करून कॅमेऱ्यासकट नळी ९० अंश फिरवली, तर आकाशातली ध्रुवणाची दिशाही नळीबरोबर फिरली. म्हणजे ते सगळं आरशाचं. दोन्ही स्थितींची सरासरी घेतली की आरसा वजा होतो, लघुग्रह उरतो. लघुग्रहाआधी आणि नंतर जवळचा तारा मोजल्याशिवाय मी आकडा वहीत लिहीत नाही. "तारा उद्या मोजतो" म्हणणाऱ्यांचं मोजमाप मी धरत नाही.

चांदण्या रात्री नकोच. चंद्रापासून ९० अंशांवरचं आकाश स्वतःच जोरदार ध्रुवित असतं.

पऱ्हाटी जाळण्याच्या दिवसांत धूर क्षणाक्षणाला बदलतो. पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारा फिल्टर) ०, ४५, ९०, १३५ अंश असा फिरवून लगेच उलट क्रमाने परत या, आणि चौकटीतल्या एखाद्या ताऱ्याशी तुलना करा.

०.१ टक्का अचूकता हवी तर निदान वीस लाख फोटॉन लागतात. दोन फोटोंत भागत नाही.

आता चिन्ह. सूर्य-लघुग्रह-पृथ्वी हा कोन साधारण २० अंशांखाली असेल तर ध्रुवण ऋण असतं, म्हणजे त्याची दिशा या तिघांतून जाणाऱ्या प्रतलाला (प्रकीर्णनाच्या प्रतलाला) समांतर असते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल्योनं १९२९ मध्ये चंद्रावर हेच दाखवलं. नुसती टक्केवारी काढली की चिन्ह हरवतं, म्हणून दिशा नेहमी प्रकीर्णनाच्या प्रतलाशी ताडून घ्या. २० अंशांजवळ शून्य आलं म्हणून घाईनं फाइल पुसू नका. तोच कोन आणि ध्रुवण यांच्या आलेखाचा महत्त्वाचा बिंदू आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातले लघुग्रह या कोनात ३० अंशांच्या फार पुढे जात नाहीत, तेव्हा एका हंगामात एकच धरा आणि आठवडेच्या आठवडे मोजा. २३४ बार्बरा या लघुग्रहाचं ध्रुवण २० नव्हे, जवळपास २८ अंशांवर शून्य होतं. हे २००६ मध्ये उमगलं, आणि तशा लघुग्रहांचा वेगळा गटच मानला गेला.