घरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात पेशंटचं दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा) देणारी संस्था चालवताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे महिन्याला किती व्हिजिट झाल्या यावरच काम मोजायचं. डोनरला आकडा लागतो, कंपन्यांच्या सीएसआरच्या (समाजकामाच्या निधीच्या) रिपोर्टला लागतो, सगळं मान्य, पण नर्स आठवड्यातून दोनदा तासभर जाते आणि उरलेला सगळा वेळ घरातली सून नाहीतर बायको एकटी सांभाळते. शनिवारी रात्री पेशंट दुखण्याने ओरडायला लागला आणि आपला फोन उचलला गेला नाही तर घरचे १०८ ला फोन करणार, त्यांचं काय चुकलं? मग ज्या माणसाला घरीच राहायचं होतं तो आयसीयूमध्ये नळ्या लावून जातो. म्हणून गाडी घ्यायच्या आधी रात्रीच्या फोनची ड्युटी लावा. एकच नंबर, मोठ्या अक्षरात भिंतीवर चिकटवलेला, आणि जो फोन उचलेल त्याच्या हाताशी पेशंटची आजची औषधं असली पाहिजेत, नाहीतर "उद्या सकाळी बघू" एवढंच सांगता येतं.

दुसरं मॉर्फिन, म्हणजे जोरदार दुखण्यावरचं अफूपासूनचं औषध. २०१४ ला एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा बदलला, आता मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्थेला पूर्वीसारखी पाच ठिकाणची लायसन्स गोळा करावी लागत नाहीत, ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर आणि नीट ठेवलेलं स्टॉक रजिस्टर लागतं. तरी कित्येक संस्था कटकट नको म्हणून ट्रॅमाडॉल या त्याहून सौम्य औषधावरच भागवतात, हे मला अजिबात पटत नाही. कॅन्सरचं दुखणं त्याने भागत नसेल तर आपण तिथे नुसतं भेटायला जातोय.

आणि गोळी दिली की काम संपत नाही. "दुखलं तर द्या" असं कधीही लिहू नका. साधी मॉर्फिनची गोळी चार तासच टिकते, त्यामुळे वहीत सरळ सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० असं लिहा, रात्रीचा डोस वाढवून मधल्या रात्री दोनच्या डोसला उठवायचं टाळायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. मध्येच कळ आली तर जादाची गोळी कोणती, किती, परत किती वेळाने, हेही तिथेच लिहा. मॉर्फिनने शौचाला घट्ट होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवंच. घरचे प्रेमाने इसबगोल देतात, पण पाणी कमी पिणाऱ्या पेशंटला त्याने उलट जास्त घट्ट होतं, बिसाकोडिलसारखं औषध द्या.

शेवटच्या दिवसांबद्दल आधी बोलायला टाळाटाळ होते. घशात घरघर सुरू झाली की घरच्यांना वाटतं जीव गुदमरतोय, सक्शन करा (मशीनने घशातला कफ ओढा), सलाईन लावा. हे होणार आहे, बहुतेक वेळा पेशंटला त्याचा त्रास जाणवत नाही, कुशीवर वळवा, तोंड ओल्या कापसाने पुसत राहा, एवढं दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवलं तर लोक खरंच धीराने घेतात. पेशंटच्या शरीराला न झेपणाऱ्या सलाईनने घरघर वाढू पण शकते.

तसंच दाखला. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा फॉर्म, म्हणजे नमुना ४ अ, कोणता डॉक्टर भरणार हे आधीच ठरवा, रविवारी पहाटे मयत घरात ठेवून लोकांना दवाखाने शोधत फिरायला लावू नका.

व्हॉलंटिअर नुसते फोटोपुरते नकोत. केरळमध्ये कोझिकोडला १९९३ पासून उभं राहिलेलं पॅलिएटिव्ह केअरचं काम गल्लीतल्या लोकांच्या जोरावरच पसरलं, पण त्यांना रीतसर ट्रेनिंग होतं.

शेवटचं, सामान परत आणणं. उरलेलं मॉर्फिन लगेच मोजून, सही घेऊन ताब्यात घ्या, त्यात भीड नको. एअर बेड आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी मात्र तिसऱ्या दिवशी फोन करू नका, दिवसकार्य होऊ द्या. पुढचा पेशंट थांबलेला असतो हे खरं आहे, म्हणून एखादा जादा सेट संस्थेतच ठेवा, आणि कधी परत करायचं ते देतानाच पावतीवर लिहा.