सोलापूरहून लंडन: प्रवासाचा वेळ घरबसल्या कसा काढायचा

नवी पेठेत तिकिटं काढून देतो. तिकीट हातात पडलं की माणसं आधी वेळ वाचतात. "दुपारी दीडला मुंबई, संध्याकाळी साडेसहाला लंडन. पाचच तास की हो!" पाच नाही काका, साडेनऊ. तिकिटावर जिथली वेळ तिथल्या घड्याळाची असते.

आधी अंतर काढा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून जमत नाही, पृथ्वीगोल लागतो. नातवंडांचा असला तरी चालतो. मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा, मग तोच दोरा विषुववृत्तावर ठेवा. तिथं एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. दोरा ६५ अंशांच्या आसपास भरतो, म्हणजे ७,२०० किलोमीटर. न्यूयॉर्कला दोरा लावला तर गंमत दिसते. तो अरबस्तानावरून जातच नाही, उत्तर युरोप, आइसलँडच्या अंगानं वर चढतो. ते अंतर सुमारे १२,५००.

आता ८५० नं भागा. मोठं विमान ताशी साधारण तेवढं कापतं. लंडनचे साडेआठ तास येतात. धावपट्टी, चढण, उतरण यांचा अर्धा तास धरा. जाताना आणखी अर्धा-पाऊण तास लागतो, कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा असतो. येताना तोच वारा पाठीशी, म्हणून परतीला नऊच्या आसपास. कुठल्या देशानं हवाई हद्द बंद केली तर वळसा पडतो, मग हा हिशेब कोलमडतो.

घड्याळाचं माझं एकच सांगणं: सगळं भारतीय वेळेत करा. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागं, हिवाळ्यात साडेपाच. उन्हाळ्यात साडेसहाला उतरलात म्हणजे इथं रात्रीचे अकरा. दीड ते अकरा, साडेनऊ. परतीला लंडनहून रात्री नऊला निघालात तर इथं दीड वाजलेला असतो. मुंबईत साडेदहाला उतराल. तिकिटावर साडेतेरा तास दिसतात, बसायचं नऊच तास.

पण सोलापूरकराचा प्रवास मुंबईत सुरू होत नाही. वंदे भारतनं मुंबई साडेसहा तास, आणि विमानतळावर तीन तास आधी पोचायचं. दुपारचं विमान असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून सकाळी दादरला उतरा. सकाळची वंदे भारत त्याला कामाची नाही, ती पोचते तोवर दुपार होते. मला विचाराल तर हैदराबादही बघा. नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करत गाडीनं पाच-सहा तासांत शमशाबाद, म्हणजे हैदराबादचा विमानतळ, मुंबईच्या ट्रॅफिकची कटकट नाही. भाडं दोन्हीकडचं विचारा, पण गाडीभाडं त्यात मिळवून मगच ठरवा.

आणि मधे विमान बदलायचं असेल तर तिथला थांबा वेगळा लिहून ठेवा. दीड तासाच्या आतला असेल आणि सोबत म्हातारं माणूस असेल, तर ते तिकीट मी काढूच देत नाही.