वाफसा आल्याशिवाय जीप घालू नका: जुनी फोर बाय फोर बाळगताना होणाऱ्या चुका

मृगाचा दुसरा पाऊस पडून गेला होता. बियाण्याच्या थैल्या आणि खताची पोती वावरातल्या कोठ्यावर नेऊन ठेवायची होती. दारात चारही चाकं फिरवणारी जीप उभी असताना बंडी जुंपायची मला लाज वाटली. पांदणीत दोनेकशे पावलं आत गेलो आणि गाडी जाग्यावरच घुरघुरायला लागली. मी ॲक्सिलेटर दाबला, ती आणखी खाली गेली. शेजारच्या वावरातले काकाजी धुऱ्यावर उभे राहून पाहत होते. जवळ येऊन म्हणाले, "बाबू, चारही चाकं फिरून रायली बाप्पा, पन गाडी कुठं जाऊन रायली?"

मी म्हटलं, फोर बाय फोर आहे काकाजी, निघेल.

"म्या आज तिफन काढली का? वाफसा आला नाही अजून. अन् तू हे धूड घेऊन आला."

वाफसा म्हणजे ओली माती सुकून पेरणीजोगी मोकळी होणं. जीप शेवटी त्यांच्याच बैलजोडीने निघाली, आल्या वाटेने, मागच्या मागे. ही गोष्ट विदर्भातल्या राळेगावकडची. जुनी जीप बाळगायला लागल्यापासून माझ्या हातून जे जे बिघडलं, त्यातलं निम्मं तरी काकाजींच्या त्या एका वाक्यात आलं होतं. गाडी दणकट आहे म्हणजे तिला काही लागत नाही आणि ती कुठेही जाते, असं आपण धरून चालतो. बाकीच्या चुका तिथूनच निघतात.

काळीतल्या चुका

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून जातात. मग टायर कितीही महागाचा असो, तो गुळाच्या ढेपेसारखा गुळगुळीत. एक गुळगुळीत चाक फिरलं काय आणि चार फिरली काय, पकड नाही ती नाहीच. उलट फोर व्हीलमुळे आपण आणखी शंभर पावलं आत जाऊन फसतो. टू व्हीलवाला निदान पांदणीच्या तोंडाशीच फसतो, त्याला काढायला सोपं.

मुरमाड, बरड जमिनीवर पाऊस थांबल्यावर थोड्या वेळात जाता येतं. काळीत मात्र पेरणीचाच नियम लावा. मूठभर माती दाबून पाहा. बोटाने टोचल्यावर ढेकूळ फुटलं तर चला. हाताला चिकटून राहिलं तर जीप घरी.

फसलातच तर पहिलं काम म्हणजे ॲक्सिलेटर सोडा. चाकं जितकी फिरवाल तितकी गाडी खाली उतरते, आणि एकदा पोट टेकलं की चाकं अधांतरी. खाली उतरून पाहा, हाऊसिंग, म्हणजे दोन चाकांमधला ॲक्सलचा लोखंडी डबा, जमिनीला टेकलंय का. टेकलं असेल तर आधी फावड्याने त्याच्याखालची माती काढा. मग चाकांपुढे तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आडव्या अंथरा. कापसाच्या पऱ्हाट्या हाताशी असतात म्हणून लोक त्याच घालतात, पण पऱ्हाटीचं बूड खुंटीसारखं टोकदार असतं. मी एकदा गाडी काढली आणि लगेच दोन पंक्चर काढत बसलो.

आता फोर लो (चारही चाकं, वेग कमी, ताकद जास्त) घ्या, दुसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. पहिल्या गिअरात ताकद जास्त असते, म्हणून चाक चटकन घसरतं. स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहा, टायरच्या कडा नवी माती पकडतात. हवा वीस पौंडांपर्यंत उतरवली तर आणखी मदत होते, मात्र परत भरायला पंप गाडीत असला पाहिजे. कमी हवेत डांबरी रस्त्यावरून पळवाल तर टायरची भिंत फाटते.

ट्रॅक्टर बोलावला तर दोर बंपरला बांधू नका, स्टेअरिंगच्या रॉडला तर मुळीच नको. चेसिसच्या हुकाला बांधा. ट्रॅक्टरवाल्यांना झटका द्यायची फार हौस असते. दोर तुटला तर तो चाबकासारखा येतो, म्हणून पोरांना लांब उभं करा आणि दोरावर ओलं पोतं टाका. बैल झटका देत नाहीत, हळूहळू ताण धरतात. त्या दिवशी माझा बंपर त्यांच्यामुळेच वाचला.

आणि घरी आल्यावर धुवा, त्याच रात्री. काळी माती वाळली की विटेसारखी होते. ब्रेकच्या ड्रममध्ये आणि पुढच्या चाकांच्या नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) ती बसली, तर ब्रेक एका बाजूला ओढतो आणि सील कापून जातं.

लिव्हरची भानगड

मिस्तरीकडे येणाऱ्या तक्रारींत ही मोठी. "फोर व्हीलचा लिव्हर निघत नाही, ट्रान्सफर केस गेली." ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा. बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. चिखलातून निघून भाऊ तसेच फोर व्हीलमध्ये डांबरी रस्त्याने घरापर्यंत आलेले असतात.

वळणावर पुढची चाकं मोठा फेर घेतात, मागची आतून कापून जातात. जुन्या जीपमध्ये, जिप्सीत, अगदी नव्या थारमध्येही फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने बांधला जातो. चिखलात एखादं चाक घसरून तो हिशोब जुळवतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरांत साठतो. लिव्हर दगडासारखा होतो. त्याला लाथा घालू नका. गाडी सरळ रेषेत दहावीस फूट मागे घ्या आणि क्लच दाबून लिव्हर ओढा, बहुधा निघतो. नाहीच निघाला तर पुढचं एक चाक जॅकवर उचला. चाक जमिनीवरून सुटताच गर्रकन थोडं फिरतं आणि पीळ निघून जातो. त्या वेळी हात चाकापासून लांब ठेवा.

उलटी तक्रारही असते: लिव्हर टाकला, पण पुढची चाकं फिरत नाहीत. जिप्सीला पुढच्या चाकांवर हातानं फिरवायचे हब असतात, लॉक केले की चाक शाफ्टला जोडलं जातं, फ्री केले की सुटतं. एक लॉक आणि एक फ्री राहिला तर सगळी ताकद फ्री बाजूकडून वाया जाते. खाली उतरून दोन्ही हब पाहा. चिखलात उतरायच्या आधीच लॉक करा, नंतर गुडघाभर राडीत हात घालून हब शोधायला मजा येत नाही.

आणखी एक चूक अलीकडची. थारसारखी दिसते म्हणजे फोर बाय फोर, असं नसतं. २०२३ च्या जानेवारीत थारचं फक्त मागच्या चाकांवर चालणारं मॉडेल आलं. बोलेरोही आपल्याकडे बहुतेक तशाच आहेत. गाडी वाईट नाही, पण जावयाच्या गाडीत दुसरा लिव्हर आहे का हे पांदणीत शिरायच्या आधी पाहून घ्या.

ही गाडी बनली कशासाठी?

१९४० मध्ये अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांवर चालणारी गाडी घाईने हवी होती. नमुना द्यायला मुदत होती ४९ दिवसांची. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने ती पाळली. मोठी कामं मात्र विलीज आणि फोर्डकडे गेली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या. लगेच १९४५ मध्ये विलीजने शेतकऱ्यासाठी सीजे-२ए आणली. जीप वावरात आली ती अशी.

आपल्याकडे महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली. ज्या उंच नाकाच्या जीपला आपण हाय बोनेट म्हणतो, ती सीजे-३बी. इंजिन उंच होतं म्हणून बोनेट वर घ्यावं लागलं, सौंदर्याचा त्यात संबंध नव्हता. पुढे ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आली, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन घेऊन. माझी तीच. १९८५ च्या डिसेंबरात जिप्सी आली, पेट्रोलवर चालणारी आणि वजनाने हलकी. ताडोब्याच्या गेटवर रांगेने उभ्या दिसतात त्या जिप्सी. खरं सांगायचं तर ओल्या मातीत हलकी जिप्सी माझ्या जड डिझेल जीपपेक्षा बरी चालते. एमएम ५४० वाल्यांना हे पटत नाही, मलाही आठ वर्षं पटलं नव्हतं.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की जीप फौजेसाठी बनली, आणि फौजेत तिच्या दिमतीला ग्रीसगन घेतलेला माणूस होता. खालून पाहा, पाट्यांच्या पिनांना, शाफ्टच्या क्रॉसला, स्टेअरिंगच्या जोडांना जागोजाग ग्रीसचे निप्पल आहेत. आपण मारुतीसारखी वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करतो आणि मग म्हणतो, जुनी गाडी कुरकुरते. पावसाळ्यात दर चिखलवारीनंतर ग्रीस मारा. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. एखादा निप्पल ग्रीस घेत नसेल तर तो बुजलाय, बदला. दहावीस रुपयांची वस्तू आहे.

स्टेअरिंग थरथरतं तेव्हा

पन्नाशीच्या वेगात खड्डा लागला की स्टेअरिंग हातातून सुटेल इतकं थडथडतं, हा जुन्या जीपचा ओळखीचा आजार. लोक टायर बदलतात, बॅलन्सिंग करतात, पैसे घालवतात. आमच्या मिस्तरीने मला तपासायची रीत शिकवली. पुढचं चाक जॅकवर घ्या. वर आणि खाली हात धरून चाक हलवा. खट्खट् झालं तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर आवाज थांबला तर दोष व्हील बेअरिंगचा. तरीही हललं तर किंग पिन, म्हणजे ज्या पिनेवर चाक वळतं ती, ढिली. "भाऊ, आता तुमीच पाहा," तो म्हणाला, "पाच मिनिटांचं काम हाय. तुमी टायर बदलले."

जॅकचा विषय निघालाच आहे तर ही एक जिवावरची चूक. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो मागच्या शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरेन्शियलमधून (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांतून) ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. म्हणून पंक्चर काढताना जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय जॅक फिरवायचा नाही. फोर व्हील टाकून, गिअरमध्ये ठेवलं तर आणखी बरं.

नाला, रपटा आणि पाणी

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर जायचं नाही. कंपनी नव्या थारसाठी ६५० मिलिमीटर पाण्याचं माप देते, पण वाहत्या पाण्यात ते माप धरून चालू नका. उथळ नाला ओलांडल्यावरही एक काम उरतं. हाऊसिंग तापलेलं असतं, गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हाऊसिंगला हवा घेऊ-सोडू देणारं छिद्र) बुजलेला असला तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, ड्रेन प्लग थोडा ढिला करा. पाणी तळाशी बसलेलं असतं, आधी तेच येतं. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर बदलाच.

पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, रॉड वाकतो.

घेताना

माझी सगळ्यात महागडी चूक चिखलातली नाही, कागदातली. एका दलालाकडून गाडी घेतली, रंग चकचकीत, आवाज सुरेख. आरसी बुकावर इंधन पेट्रोल आणि बोनेटखाली डिझेल इंजिन. तेव्हा हसलो. पासिंगची वेळ आली तेव्हा हसू गेलं. ती गाडी शेवटी भंगाराच्या भावात दिली. बुकातला इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन आणि सीट समोर ताडून पाहा. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, आकडे घासून परत मारले असतील तर ओळीत उतरत नाहीत. बदल करायचे असतील तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी विचारून घ्या. रुंद टायर आणि कापलेली बॉडी पासिंगला नडते.

ताज्या रंगावर खिशातलं लोहचुंबक फिरवा. पुट्टी असेल तिथे ते चिकटत नाही. मग खाली आडवे व्हा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने चेसिस ठोकून पाहा. चांगलं लोखंड टणकन वाजतं, सडलेलं भद्द.

थंडीत एक फसवणूक मात्र होऊ देऊ नका. माघाच्या सकाळी माझी जीप सुरू होईना म्हणून मी बॅटरी नवी आणली, तरी तेच. त्या प्यूजो इंजिनाला सुरू होण्याआधी हिटर प्लग तापावे लागतात. चारपैकी तीन जळालेले होते. उन्हाळ्यात विदर्भाच्या ४५ अंशांत ते कुणाच्या लक्षात येणार? नवी बॅटरी आता काकाजींच्या मोटारपंपाच्या झोपडीत दिवा लावते.