लिमिटेड एडिशन मेकअप आणि सात सीटांची गाडी, दोन्हीची ट्रायल एकाच शनिवारी कशी घ्यायची

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की आमच्या बेळगावात लग्नांची रांगच लागते, आणि नेमकं त्याच टायमाला दुकानात मेकअपचे लिमिटेड एडिशन सेट मांडलेले असतात आणि गाडीच्या शोरूमवाल्यांचे पण फोन चालू होतात, वर्षअखेरची ऑफर हाय, स्टॉक संपत आलाय, आजच बुक करा म्हणून. आमच्या घरात दोन्ही एकदम आलं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि तिच्या डोळ्यात एक ब्रायडल सेट भरलेला. पप्पांना सात सीटांची गाडी पाहिजे होती, कारण आज्जी, आत्या, दादा, वैनी, त्यांचं दोन वर्षांचं पोरगं असं सगळं मिळून कुठं निघालं की एक गाडी, एक स्कूटर आणि वर रिक्षा लागायची.

मग आम्ही दोन्ही ट्रायल एकाच शनिवारी घेतल्या आणि मी आता सगळ्यांना तेच सांगते. कारण साधं आहे. मेकअप चेहऱ्यावर कसा बसतो ते दुकानाच्या आरशात दहा मिनिटांत कळत नाही, त्याला पाच-सहा तास जावे लागतात, घाम यावा लागतो, ऊन आणि एसी दोन्ही लागावं लागतं. आणि गाडी पण सेल्समनच्या शेजारी बसून हायवेवर दोन किलोमीटर मारली की कळत नाही, घरची सगळी माणसं बसवून चढावर न्यावी लागते. म्हणजे दोन्हीला दिवस लागतोच, तर तो एकच दिवस द्या की.

सुरुवात मात्र दोन दिवस आधी करा. गुरुवारी आम्ही गणपत गल्लीत जाऊन टेस्टर बघितले आणि त्यातलंच थोडं फाउंडेशन आणि ब्लश बहिणीच्या कोपराच्या आतल्या बाजूला आणि कानामागं लावून घेतलं. ही पॅच टेस्ट. २४ ते ४८ तास थांबायचं, खाज, लाली, पुरळ काही आलं तर तो विषय तिथंच बंद. लग्नाच्या आठवड्यात नवीन प्रॉडक्ट पहिल्यांदा तोंडाला लावायचं धाडस कुणी करू नका, आणि हळद लागलेल्या दिवशी तर ट्रायल घेऊच नका, पिवळेपणा दोन-तीन दिवस राहतो आणि शेड चुकते.

टेस्टरची लिपस्टिक सरळ ओठाला लावायची नाही हे परत परत सांगते. आपल्या आधी किती जणींनी लावलीय काय माहीत. लावायचीच असेल तर वरचा थर टिश्यूनं पुसून, सॅनिटायझर स्पिरिट मारून, एकदा वापरून टाकायच्या काडीनं लावा, नाहीतर बोटाच्या टोकावर रंग बघा, तिथला रंग ओठाच्या जवळपास जातो. मस्करा आणि काजळाचा टेस्टर डोळ्याला अजिबात नको.

आता लिमिटेड एडिशन म्हणजे नक्की काय लिमिटेड, हे दुकानदाराला विचाराच. पुष्कळदा डबी तेवढी नवीन असते, वर सोनेरी नक्षी असते आणि आतली शेड कंपनीची कायमचीच असते, जी साध्या पॅकमध्ये वर्षभर मिळते. शेडचं नाव किंवा नंबर मागं लिहिलेला असतो, तो बघून नेहमीच्या रेंजशी ताडून घ्या. शेड खरंच नवीन असेल तर दुसरी गोष्ट, ती संपली की परत मिळणार नाही, म्हणून लग्न, पूजा, सत्यनारायण, रिसेप्शन सगळीकडं तीच लावायचा प्लॅन असेल तर एकाऐवजी दोन घ्या नाहीतर तिच्यावर सगळं अवलंबून ठेवू नका. वजन पण बघा, नेहमीची लिपस्टिक साधारण साडेतीन-चार ग्रॅमची असते आणि सेटमधल्या कधी कधी दीड ग्रॅमच्या मिनी असतात. आणि मागं एक उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात १२ एम नाहीतर १८ एम लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यावर तेवढे महिने वापरायचं. चार लिपस्टिकचा सेट एकदम उघडला तर चारीचे दिवस एकदमच मोजायला लागतात, म्हणून एकेक उघडा.

आमच्याकडं आत्या माळकरी आहे. बहिणीनं हौसेनं तिला लाल लिपस्टिक लावायला घेतली तर मी डबीच्या मागचं वाचलं आणि थांबवलं, त्यात कार्माइन होतं, कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला लाल रंग. लेबलवर तो कधी नुसता सीआय ७५४७० असा नंबरानं असतो. ज्यांना चालतो त्यांना चालतो, पण ओठावरचं पोटात जातंच, तेव्हा घरातल्या माळकरी, जैन किंवा लिंगायत माणसाला न विचारता लावू नये असं माझं ठाम मत आहे.

शनिवारी दुकान उघडल्या उघडल्या गेलो. चेहरा धुतलेला, नुसतं मॉइश्चरायझर. फाउंडेशनच्या दोन शेडमध्ये अडकलेलो म्हणून काउंटरवरच्या मुलीला सांगितलं की डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दुसरी लाव. हात किंवा मनगटावर शेड बघण्यात अर्थ नाही, हाताचा आणि चेहऱ्याचा रंग कधी सारखा नसतो. जबड्याच्या कडेला गालापासून मानेकडं उभी रेघ ओढायची आणि दुकानाबाहेर उजेडात यायचं. जी रेघ मानेत मिसळून दिसेनाशी होते ती तुमची. आणि लगेच ठरवायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यायची, तेल आणि हवा लागून बऱ्याच फाउंडेशनचा रंग गडद किंवा नारिंगी होतो.

हे मी इतकं का सांगते तर वैनीच्या लग्नात आम्ही फसलो होतो. एका दुकानात पिवळ्या लाईटखाली घाईनं फाउंडेशन आणि वरची पावडर घेतली, आरशात छान दिसली, पण अक्षतांच्या फोटोत वैनीचा चेहरा पांढराफट्ट आणि मान सावळी. आजही अल्बम काढला की ती ते पान पटकन उलटते. एसपीएफसाठी घातलेलं टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड आणि एचडी पावडरमधली सिलिका फ्लॅशचा उजेड परत फेकतात, त्यानं असं होतं. त्याची टेस्ट फुकट आहे, अंधाऱ्या खोलीत जाऊन मोबाईलचा फ्लॅश चालू करून एक फोटो काढा. आम्ही दुकानाच्या आतल्या स्टोअररूममध्ये काढला आणि डावी बाजू तिथंच बाद झाली.

तसंच दोन शेडचं तोंड घेऊन बहीण गाडीत बसली.

शोरूमला आधीच फोन करून सांगा की सात माणसं येणार आणि आम्हाला गाडी तास-दीड तास पाहिजे. आमच्या यादीत तीन गाड्या होत्या, रेनॉची ट्रायबर, मारुतीची अर्टिगा आणि कियाची कॅरेन्स. कागदावर तिन्ही सात सीटर, पण सातही सीट उभ्या असताना मागं सामानाला जागा किती ते बघा, ट्रायबरमध्ये ८४ लिटर, अर्टिगात २०९, कॅरेन्समध्ये २१६. लिटरवरून आपल्याला अंदाज येत नाही म्हणून घरातून सामानच घेऊन जा. आम्ही पोराची बॅग, एक मध्यम सूटकेस आणि पंचवीस किलोची तांदळाची पिशवी नेली होती. ८४ लिटरमध्ये पोराची बॅग बसली आणि संपलं. सीएनजी घेणार असाल तर टाकी कुठं बसते ते डिकी उघडून दाखवायला सांगा, टाकी डिकीत असली तर सातजण आणि सामान दोन्ही जमत नाही.

मग आज्जीला मधल्या सीटवर बसवलं. तिचे गुडघे दुखतात. ती चढली नीट, पण उतरायच्या वेळी म्हणाली, "चढायला येतंय की, उतरताना कोण धरणार?" आणि खरंच, दाराला वर हँडल होतं पण उतरताना हात घालायला खाली काही नव्हतं. तेव्हापासून मी सांगते, म्हाताऱ्या माणसाला चढव-उतरव निदान तीनदा करा आणि तुम्ही हात न देता बघत राहा. तिसऱ्या ओळीत दादाला बसवलं कारण तो सगळ्यात उंच. गुडघे पुढच्या सीटला लागतात काय, डोकं छताला टेकतं काय, मागं एसीची हवा येते काय, आणि मधली सीट दुमडून मागं जायला आत्याला जमतं काय. सीटबेल्ट सातही ठिकाणी ओढून लावून बघा. पोराची सीट गाडीला पक्की अडकवायच्या कड्या, म्हणजे आयसोफिक्स, कुठल्या सीटला आहेत तेही विचारा. क्रॅश टेस्टचे स्टार बघताना भारत एनकॅप, म्हणजे आपल्या देशातल्या टेस्टचे बघा, ते ऑक्टोबर २०२३ पासून चालू झालेत, आणि स्टार तुम्ही घेणार त्याच मॉडेलचे आहेत ना ते विचारा.

रस्ता आपणच ठरवायचा. सेल्समन अण्णा हायवेकडंच वळवायला बघत होते, तिथं कुठलीही गाडी लोण्यासारखी जाते. आम्ही आधी शहापुरातल्या आमच्या गल्लीत नेली, समोरून टेम्पो आला तर मागं घेता येते काय, दारात लावली तर शेजाऱ्याची स्कूटर निघते काय. अर्टिगा ट्रायबरपेक्षा सव्वा फुटापेक्षा जास्त लांब आहे, हा फरक गल्लीत रोज जाणवतो. मग येळ्ळूरला, राजहंसगडाच्या चढावर. सातजण, एसी चालू. मध्येच थांबवली आणि परत उचलली. ट्रायबरचं इंजिन १ लिटरचं, ताकद ७२ पीएस, ते सातजण घेऊन चढताना ओरडतंय, पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच राहायला लागतं. अर्टिगाचं दीड लिटरचं, साधारण १०३ पीएस, तिनं तेवढं दमवलं नाही. ज्यांना नेहमी चोर्ला घाटातनं गोव्याला किंवा आंबोलीकडं जायचं असतं त्यांनी ही टेस्ट सोडूच नये. गावातल्या गावात चार-पाचजण फिरणार असतील तर ट्रायबर पण पुरते, आणि ४ मीटरच्या आत आणि १२०० सीसीच्या आत असल्यानं २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी १८ टक्के आहे, मोठ्या दोघींवर ४० टक्के.

वळणावर आत्याला गाडी लागली. आम्ही थांबलो, पाणी दिलं, आणि मग लक्षात आलं की नव्या गाडीचा वास आणि बहिणीच्या सेटिंग स्प्रेचा उग्र वास दोन्ही एकदम बंद काचेत कोंडले होते. सेटमधला तो स्प्रे आम्ही तिथंच रद्द केला. लग्नाच्या दिवशी नवरीच्या शेजारी बसणाऱ्यांना दोन तास तोच वास घ्यायचा असतो, हे दुकानात कुणाच्या डोक्यात येत नाही.

परत येईपर्यंत दुपारचे तीन वाजले होते. बहिणीनं टोपी घालून ऊन खाल्लं होतं, एसी खाल्ला होता, वडापाव पण खाल्ला होता. आता आरसा बघितला. नाकाच्या कडेला आणि वरच्या ओठावर फाउंडेशन फाटलं होतं, म्हणजे तिथं आधी प्रायमर, मेकअप धरून ठेवणारा खालचा थर, लागणार. उजवी शेड जशीच्या तशी. लिपस्टिक मधून गेली होती पण कडा राहिल्या होत्या, हे दिसायला वाईट दिसतं, त्यापेक्षा सगळीकडून सारखी उतरणारी बरी. आम्ही सेट घेतला नाही, त्यातली एक लिपस्टिक आणि ब्लश सुटं मिळालं तेवढंच घेतलं.

गाडीच्या पैशाचं एक बोलून घेते. किंमत विचारताना ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स सगळं धरूनच विचारा आणि कागदावर लिहून घ्या. आपल्या कर्नाटकात लाइफटाइम टॅक्स जास्त आहे, ५ ते १० लाखाच्या गाडीला १४ टक्के, १० ते २० लाखाला १७ टक्के आणि त्यावर सेस वेगळा. म्हणजे ९ लाख ९० हजारच्या गाडीला १,३८,६०० आणि साडेदहा लाखाच्या गाडीला १,७८,५००. साठ हजारानं वरचं व्हेरियंट घेऊ म्हणता म्हणता लाखभर जातात. १० लाखाच्या वर १ टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमवाल्यानं आधीच घेतलेला इन्कम टॅक्स पण कापतात, तो रिटर्न भरताना मिळवता येतो. इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. आणि आपल्याकडं हमखास कुणीतरी सांगतं की महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पावण्याच्या पत्त्यावर एमएच ०९ नंबर करून घे, टॅक्स वाचतो. राहता जिथं तिथंच नोंदणी करायची असते, आणि दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर इथला नंबर आणि इथला टॅक्स लागतोच, वर चेकपोस्टला रोजची कटकट.

शेवटी पप्पांनी अर्टिगाच बुक केली, पण त्या दिवशी नाही, चार दिवसांनी, आणि "आजच" असलेली ऑफर चार दिवसांनी पण होतीच.

सीटचा रंग निवडताना अजून एक करा. बहिणीच्या गालावरचं फाउंडेशन ट्रायलच्या गाडीच्या बेल्टला आणि फिक्या सीटला लागलं होतं, ओल्या रुमालानं पुसल्यावर बेल्टचं गेलं, सीटवर पिवळट छटा राहिली आणि आम्ही शोरूमला सांगून ती साफ करून घ्यायचे पैसे दिले. फिकी सीट असेल तर पहिल्या दिवसापासून कव्हर घाला. मेकअपची पेटी बंद गाडीत उन्हात ठेवू नका, डॅशबोर्डवर तर नाहीच, लिपस्टिक वितळून टोपणात बसते आणि क्रीम फाटतं. नवरीला नेताना बेल्ट लावायचाच, फक्त त्याच्याखाली खांद्यावर एक पांढरा सुती पंचा घाला, शालूच्या जरीला ओढ पण बसत नाही आणि मानेचा मेकअप पण पुसत नाही. कार्यालयाच्या दारात उतरल्यावर तो पंचा करवलीच्या हातात द्या.